गाडी उलाळ आहे का? कॅम्पर ट्रेलरचं वजन करणं आणि काट्याची पावती वाचणं

पहिल्या ट्रिपला निघालो तेव्हा मी ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) वजनकाट्यावर नेला नव्हता. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "तुमचा पिकअप ट्रक नऊ हजार पौंड ओढतो आणि हा ट्रेलर पाच हजारांचासुद्धा नाही." मग कशाला काटा नि बिटा? शिकागोहून आय-८० ने पश्चिमेला चाललो होतो, वेग ताशी ६५ मैल. डावीकडून एक अठरा चाकी सुसाट पुढे गेला आणि आरशात ट्रेलरचं मागचं टोक आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे जाताना दिसलं. दर झोक्याला ट्रकची शेपूटही हलत होती. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, ब्रेक कंट्रोलरची पट्टी बोटाने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले, तेव्हा कुठे गाडी सरळ झाली.

पुढच्या रेस्ट एरियात थांबलो. भारतातून दोन महिन्यांसाठी आलेले अण्णा खाली उतरले, ट्रेलरभोवती एक फेरी मारली, मागच्या बंपरवरच्या चार सायकलींकडे बघितलं आणि विचारलं, "पाण्याची टाकी कुठाय?" मी मागच्या चाकांच्या पलीकडे बोट दाखवलं. "भरलीयस?" काठोकाठ. "मग आरं, उलाळ झालीया तुझी गाडी."

उलाळ. ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हा शब्द समजावायला नको. गाडीत मागे जास्त माल पडला की आसाच्या (चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) मागची बाजू खाली बसते, धुरा वर उचलला जातो, सापती (जुवाचा गळ्याखालचा पट्टा) बैलाच्या गळ्याला आवळते आणि बैल पाय टाकेनासा होतो. पुढे जास्त पडला तर जू मानेवर बसतं आणि बैल दमतो. गाडीवान माल चढवताना मधूनच जू हाताने उचलून बघतो, ते एवढ्यासाठीच. ट्रेलरचं सगळं गणित यात आलं. फरक एवढाच की बैल तक्रार करतो, ट्रक ६५ मैलांपर्यंत काही बोलत नाही.

पुढचं सगळं अमेरिकेतल्या पद्धतीने आणि पौंडांत आहे, कारण इथल्या पावत्या, स्टिकर आणि नियमपुस्तिका पौंडांत बोलतात. एक किलो म्हणजे २.२ पौंड, हे डोक्यात असू द्या.

आधी स्टिकर वाचा, माहितीपत्रक नको

माहितीपत्रकातलं "ड्राय वेट" हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, पांघरुणं नाहीत, कित्येकदा बॅटरी नाही आणि गॅसच्या टाक्याही नाहीत. माझ्या ट्रेलरचं ड्राय वेट ४,९५० पौंड. रस्त्यावर तो कधीच ४,९५० चा नव्हता आणि नसणार.

उपयोगाचे आकडे गाडीवरच चिकटवलेले असतात. ट्रेलरच्या बाहेर, डाव्या अंगाला पुढच्या बाजूला एक पट्टी असते. तिच्यावर दोन गोष्टी बघा. जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन (माझं ६,५०० पौंड). आणि जीएडब्ल्यूआर, म्हणजे एकेका आसाला जास्तीत जास्त किती भार झेपतो ते (माझे दोन आस, प्रत्येकी ३,५००).

ट्रकची हीच दोन वजनं ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत सापडतात. तिथेच टायरचं स्टिकर असतं आणि त्यावर एक वाक्य छापलेलं असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. हाच पेलोड. माझ्या ट्रकचा १,५८० पौंड. फोनवर त्याचा फोटो काढून ठेवा. तुमच्याच मॉडेलचा शेजाऱ्याचा ट्रक असेल आणि त्यात काचेचं छत किंवा चारही चाकांना ताकद असेल, तर त्याचा आकडा वेगळा असतो. हे स्टिकर त्या एका गाडीपुरतं खरं.

आता विकणाऱ्याच्या नऊ हजारांकडे वळू. ते आकडे खोटे नव्हते, अपुरे होते. ओढण्याची ताकद वेगळी आणि पेलण्याची वेगळी. ट्रेलरच्या एकूण वजनातलं १० ते १५ टक्के वजन दांडीवरून, म्हणजे हिचच्या (ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याच्या) बॉलवरून, ट्रकवर येतं. याला टंग वेट म्हणतात आणि ते पेलोडमधून वजा होतं. नऊ हजारांचा ट्रेलर घेतला आणि टंग वेट साडेबारा टक्के धरलं तर १,१२५ पौंड तिथेच गेले. उरले ४५५. त्यातून हिचचं लोखंड ८० ते १०० पौंड. आता चार माणसं, एक कूलर आणि अण्णांनी आणलेल्या भडंगाचा डबा बसवून दाखवा. हाफ-टन (म्हणजे हलक्या वर्गातल्या) पिकअपचा पेलोड संपतो आधी, ओढण्याची मर्यादा येते खूप नंतर. नवीन माणूस फसतो तो नेमका इथे.

काटा कुठे मिळतो

सगळ्यात सोयीचा म्हणजे हायवेवरच्या ट्रक स्टॉपमधला कॅट स्केल. ही कंपनी १९७७ साली सुरू झाली, मुख्यालय आयोवामधल्या वॉलकॉट गावी, आणि अमेरिका-कॅनडात मिळून तिचे दोन हजारांहून जास्त काटे आहेत. खडीच्या खाणी, कचरा डेपो, मिडवेस्टमधली धान्याची कोठारं यांच्याकडेही भुईकाटे असतात आणि विचारलं तर बरेच जण करून देतात. पण त्यांचा पाट बहुतेकदा एकच सलग असतो, त्यामुळे एका दमात एकूण वजन तेवढं कळतं. कॅट स्केलचे पाट वेगवेगळे असतात. पुढची चाकं एका पाटावर, ट्रकची मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. एका दमात तिन्ही आकडे सुटे मिळतात आणि आपल्याला हवे असतात ते सुटे आकडेच.

साखर कारखान्याच्या काट्यावर उभं राहिलेल्यांना यातली पद्धत नवी नाही. भरलेली ट्रॉली एकदा, रिकामी एकदा, फरक तो ऊस. इथेही वजाबाकीच करायची. एकच बरं, इथे काटा मारण्यात कोणाचाच फायदा नाही.

पहिल्या वजनाला पंधरा डॉलरच्या आसपास पडतात. त्याच काट्यावर २४ तासांच्या आत पुन्हा केलं तर ते "रीवे", आणि ते बरंच स्वस्त असतं. सकाळी लवकर जा. आठवड्याच्या मध्यावर दुपारी गेलात तर मागे तीन-चार अठरा चाकी उभे राहतात. त्यांच्यासाठी तो कामाचा वेळ असतो, आपली सहल असते.

जाण्याआधी गाडी खरीखुरी भरा

रिकामा ट्रेलर काट्यावर नेणं म्हणजे उपाशीपोटी वजन करून खूश होण्यासारखं आहे. सहलीला निघताना जे जे असतं ते सगळं भरा: कपडे, कुकर, पोळपाट-लाटणं, खुर्च्या, हत्यारं. गॅसच्या टाक्या भरलेल्या. ट्रकमध्ये डिझेल किंवा पेट्रोल फुल्ल. माणसं आपापल्या जागी. पाण्याची टाकी भरून फिरत असाल तर भरून, रिकामी नेत असाल तर रिकामी. पाणी गॅलनमागे ८.३४ पौंड असतं. ४० गॅलनची टाकी म्हणजे ३३३ पौंड, दोन दांडगे पाहुणे. वापरलेल्या पाण्याच्या टाक्याही लक्षात ठेवा. आपण एका टाकीतलं पाणी वापरतो तसतसं ते दुसरीत जाऊन बसतं, आणि त्या दोन टाक्या ट्रेलरच्या वेगवेगळ्या टोकांना असू शकतात.

जाण्याआधी घरी सपाट जागेवर आणखी एक काम करा. ट्रेलर जोडलेला नसताना ट्रकच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. मागचीही. पुढे उपयोगी पडेल.

काट्यावर: तीन फेऱ्या

ट्रकला ट्रेलर जोडताना बहुतेक जण वेट डिस्ट्रिब्युशन हिच वापरतात: बॉलच्या खाली दोन जाड स्प्रिंग बार, त्यांची टोकं साखळीने किंवा कंसाने ट्रेलरच्या दांडीला ताणून अडकवलेली. हे बार पहारीसारखं काम करतात. बॉलपाशी बसलेला भार उचकटून थोडा ट्रकच्या पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर टाकतात. किती टाकतात, हे पाहण्यासाठी तीन पावत्या लागतात.

पहिली फेरी: बार लावलेले, रस्त्यावर असतो तसा पूर्ण जोड. सावकाश काट्यावर चढा. पाटांच्या मधल्या शिवणी दिसतात. पुढची चाकं पहिल्या पाटावर, पण शिवणीच्या जवळ ठेवा, कारण आपल्या ट्रकची लांबी अठरा चाकीइतकी नसते आणि फार पुढे गेलात तर मागची चाकंही पहिल्याच पाटावर येतात. एक जण खाली उतरून बघेल तर उत्तम, पण आकडा घेण्याआधी त्याला परत गाडीत बसवा. मी पहिल्यांदा बायकोला खालीच ठेवून वजन केलं होतं, आणि पुढच्या चाकांवरचा आकडा गूढ वाटत राहिला.

खांबावर एक बटण असतं, ते ट्रकवाल्यांच्या खिडकीच्या उंचीवर. पिकअपमधून हात पोचत नाही, तर खुशाल उतरून दाबा. आतून आवाज येतो: पहिलं वजन की रीवे? ट्रक नंबर? खासगी आहे म्हणून सांगा. मग गाडी बाजूला लावून आत काउंटरवर पैसे देऊन पावती घ्या. फोनवर त्यांचं वे माय ट्रक नावाचं ॲप घेतलंत तर बटणही नको आणि काउंटरही नको. पैसे फोनवरच जातात आणि पावती ई-मेलने येते.

दुसरी फेरी: पार्किंगमध्ये जाऊन बार सोडा. ट्रेलरचा जॅक लावून दांडी थोडी उचला म्हणजे ताण जातो. ताण असताना साखळी सोडायला जाऊ नका; तो बार हाताचं हाड मोडू शकतो. बार काढले की तसंच, अगदी हळू, पुन्हा काट्यावर. हे फक्त त्या आवारापुरतं. बार नसताना तुमच्या हिचची मर्यादा किती कमी असते ते रिसीव्हरच्या (ट्रकच्या मागे हिच जिच्यात बसते त्या चौकोनी नळीच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतं: साध्या जोडणीला एक आकडा, वजन वाटून देणाऱ्या जोडणीला दुसरा, आणि पहिला बराच लहान.

तिसरी फेरी: ट्रेलर सोडा, चाकांना ठोकळे लावा, आणि एकटा ट्रक काट्यावर न्या. हिचचं डोकं ट्रकलाच राहू द्या, माणसं-सामान तेच. ट्रक स्टॉपवर ट्रेलर सोडायला जागा नसेल तर ही फेरी दुसऱ्या दिवशी केली तरी चालते, फक्त टाकी पुन्हा फुल्ल करून.

पावत्या पसरून बसा

हे माझे आकडे. सायकली घरी ठेवल्या, पाण्याची टाकी रिकामी केली, त्यानंतरचे. हा काटा २०-२० पौंडांच्या पायरीने दाखवतो, म्हणून सगळे आकडे गोल दिसतील.

पावती १, बार लावून: पुढचा आस ३,१२०. मागचा आस ३,५८०. ट्रेलर ५,२६०. एकूण ११,९६०.

पावती २, बार सोडून: पुढचा २,९२०. मागचा ३,९२०. ट्रेलर ५,१२०. एकूण ११,९६०.

पावती ३, एकटा ट्रक: पुढचा ३,२४०. मागचा २,९००. एकूण ६,१४०.

सगळ्यात आधी पहिल्या दोन पावत्यांची बेरीज बघा. दोन्ही ११,९६०. बार लावल्याने एक पौंडही नाहीसा झाला नाही. "चांगली हिच घेतली की मोठा ट्रेलर ओढता येतो" असं कोणी सांगितलं तर या दोन पावत्या त्याच्यासमोर ठेवा. हिच भार सरकवते, खाऊन टाकत नाही.

ट्रेलरचं खरं वजन: ११,९६० वजा ६,१४०, म्हणजे ५,८२० पौंड, सुमारे २,६४० किलो. ड्राय वेटपेक्षा ८७० पौंडांनी जास्त. मर्यादा ६,५००, म्हणजे ६८० शिल्लक. ठीक.

टंग वेट: दुसऱ्या पावतीत ट्रकच्या दोन्ही आसांची बेरीज २,९२० अधिक ३,९२०, म्हणजे ६,८४०. एकटा ट्रक ६,१४०. फरक ७००. हे ५,८२० च्या १२ टक्के. दहा ते पंधराच्या मधोमध, छान. हा हिशेब नेहमी बार सोडलेल्या पावतीवरूनच करायचा. पहिल्या पावतीवरून केलात तर ५६० येईल आणि उगाच घाबराल.

आता एक मजा बघा. दांडीवर ७०० पौंड आले, पण ट्रकचा मागचा आस २,९०० वरून ३,९२० वर गेला. ७०० ने नाही, १,०२० ने वाढला! जास्तीचे ३२० आले कुठून? पुढच्या आसावरून. बॉल मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे दाबलं की मागचा आस टेकू होतो आणि ट्रकचं नाक वर उचललं जातं. फळीवर बसलेल्या दोन पोरांचा सीसॉ. पुढची चाकं ३२० पौंडांनी हलकी झाली, आणि वळवणारी चाकं तीच, ब्रेकचं बरंचसं कामही त्यांचंच. शिवाय माझ्या मागच्या आसाची मर्यादा ३,८०० आहे. म्हणजे बार नसताना तो १२० ने मर्यादेबाहेर. एकूण वजन मर्यादेत, ट्रेलर मर्यादेत, आणि तरी एक आस ओव्हरलोड. नुसतं एकूण वजन करून घरी गेलो असतो तर हे कळलंच नसतं.

बार लावल्यावर काय झालं? पुढचा आस २,९२० वरून ३,१२०. गेलेल्या ३२० पैकी २०० परत आले. ट्रेलरच्या चाकांवर १४० गेले. मागच्या आसावरचे ३४० उतरले, तो ३,५८० झाला, मर्यादेच्या आत. बारांनी आपलं काम केलं.

पुढच्या आसावर किती परत यायला हवं? हे ट्रकच्या पुस्तिकेत बघा. काही कंपन्या कमी झालेल्या भारातला निम्मा परत आणा म्हणतात, काही मडगार्डची उंची किती यायला हवी ते सांगतात (घरी घेतलेलं माप इथे लागतं). जास्तीच्या उत्साहात पुढचा आस मूळच्या ३,२४० पेक्षा जड करू नका. मग मागची चाकं हलकी पडतात आणि ओल्या रस्त्यावर वळताना ट्रकची शेपूट सुटते. कमी पडत असेल तर साखळीची एक कडी वर घ्या किंवा हिचच्या डोक्याचा कल वाढवा, आणि पुन्हा काट्यावर.

शेवटचा हिशेब ट्रकचा. पहिल्या पावतीत ३,१२० अधिक ३,५८०, म्हणजे ६,७००. ट्रकची मर्यादा ७,०५०. शिल्लक ३५०. आणि ट्रक-ट्रेलर मिळून ११,९६०, ते पुस्तिकेतल्या जीसीडब्ल्यूआरशी, म्हणजे दोन्ही मिळून असलेल्या मर्यादेशी, ताडून बघा. ओढण्याच्या नऊ हजारांपैकी मी सहा हजारसुद्धा वापरत नाही, आणि पेलण्यातले जेमतेम साडेतीनशे उरलेत. विकणाऱ्याचं वाक्य मला त्या दिवशी नीट कळलं.

मग आय-८० वर झालं काय होतं

माझ्या ट्रेलरमध्ये बॉलपासून दोन आसांच्या मध्यापर्यंत सुमारे १७ फूट आहेत. एखादी वस्तू आसाच्या मागे ठेवली की दांडी वर उचलली जाते. किती? वस्तूचं वजन गुणिले आसापासूनचं अंतर, भागिले १७. चार सायकली आणि रॅक १६० पौंड, आसामागे साडेनऊ फूट: दांडीवरून ८९ पौंड गेले. पाण्याची टाकी ३३३ पौंड, आसामागे पाच फूट: आणखी ९८. म्हणजे ७०० चं टंग वेट ५१३ वर आलं आणि ट्रेलरचं वजन मात्र ६,३१३ झालं. आठ टक्के. ट्रेलर अजूनही ६,५०० च्या आत, कुठलीही मर्यादा ओलांडलेली नाही, आणि गाडी उलाळ. शिवाय ज्या बंपरवर सायकली लटकवल्या होत्या, त्याला एवढा भार चालतो का, हेही मी विचारलं नव्हतं.

उपाय बहुतेक वेळा सामान हलवण्याचाच असतो. जड वस्तू खाली आणि आसाच्या थोड्या पुढे. पाठीमागच्या कपाटात डबाबंद खाणं आणि हत्यारांची पेटी कोंबायची सवय सगळ्यांना असते, ती मोडा. उलट टोकही आहे: पुढच्या पोटात सगळं भरून टंग वेट पंधरा टक्क्यांच्या वर नेलंत तर ट्रकचा पेलोड आणि मागचा आस दोन्ही जातात. ट्रक बसतो, हेडलाइट आकाशाकडे बघतात.

आणि झोके सुरू झालेच तर: स्टिअरिंग सरळ धरा, ट्रकचा ब्रेक दाबू नका, वेग आपोआप उतरू द्या आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ती पट्टी कुठे आहे ते घराच्या गल्लीत दोनदा दाबून बघून ठेवा.

टायर

ट्रेलरच्या चाकांवर ५,२६० पौंड, चार टायर, सरासरी १,३१५. माझ्या टायरवर (एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज सी) ५० पीएसआय हवेला १,७६० पौंड लिहिलंय. भरपूर शिल्लक वाटते, पण ही सरासरी आहे. ज्या बाजूला ओटा, फ्रिज आणि बाहेर सरकणारी खोली असते ती बाजू जड असते. ट्रेलर नाक वर करून चालत असेल तर मागच्या आसावर जास्त येतं, रबरी टॉर्शन आस (स्प्रिंगऐवजी रबरावर झेलणारे) असतील तर फारच. म्हणून बॉलची उंची अशी ठेवा की ट्रेलर रस्त्याला समांतर दिसेल. एकेका चाकाचं वजन हवं असेल तर टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन इथे एस्केपीज क्लबची स्मार्टवे नावाची सोय आहे. हवा सकाळी, चाकं थंड असताना तपासा, आणि टायरवर वेगळी वेगमर्यादा लिहिलेली नसेल तर ६५ च्या वर जाऊ नका.

घरच्या घरी टंग वेट

दर सहलीला काट्यावर जायची गरज नाही. न्हाणीघरातला वजनकाटा पुरतो. एक भक्कम फळी घ्या. एका टोकाखाली विटा, दुसऱ्या टोकाखाली वजनकाटा, मध्ये तीन फूट. ट्रेलरचं कपलर (दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) एका लाकडी ठोकळ्यावरून फळीवर टेकवा, विटांपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट. काट्यावर जो आकडा येईल त्याला तीनने गुणा. फळीचं स्वतःचं वजन आधी शून्य करून घ्या. जॅकच्या पायाखाली फळी ठेवूनही चालतं, पण जॅक कपलरच्या थोडा मागे असतो म्हणून आकडा जरा जास्त येतो. चाकांना ठोकळे लावल्याशिवाय यातलं काहीही करू नका. आणि ट्रेलर समतल हवा.

मेलबर्न-सिडनीच्या मंडळींना हेच गणित एटीएम (ट्रेलरचं एकूण वजन), जीटीएम (त्याच्या चाकांवरचं वजन) आणि टो बॉल वेट (दांडीवरचं वजन) या नावांनी भेटेल. तिथेही दहा टक्क्यांचा अंदाज चालतो. ब्रिटनमध्ये मात्र दांडीवरचा भार पाच ते सात टक्के ठेवतात. ते बघून इथे तसं करू नका. तिथले कॅरॅव्हॅन वेगळ्या बांधणीचे, आणि कॅरॅव्हॅन ओढताना मोटरवेवरही ६० मैलांचीच मर्यादा.

माझ्या तीन पावत्या ट्रेलरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवल्या आहेत, तारखेसकट. नवी बॅटरी, नवी गादी, मोठी गॅसची टाकी असं काही आलं की नवी पावती. सायकली आता ट्रकच्या हौद्यात जातात. शिल्लक ३५० पौंडांतून त्यांचे १६० वजा केले आहेत, आणि अण्णा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतायत, सोबत आईही आहे.